नोकरी सांभाळून लिहिणारे जुने कादंबरीकार

बदलापूर_फास्ट
सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, गेल्या महिन्यात फोर्टच्या फुटपाथवर अँथनी ट्रोलप या इंग्रज कादंबरीकाराचं आत्मचरित्र मिळालं. बांधणी खिळखिळी, पण पानं सगळी शाबूत. बदलापूर ते सीएसएमटी जाण्यायेण्यात वाचून काढलं. सकाळी खिडकी मिळत नाहीच, चौथी सीट मिळाली तरी नशीब, पण तेवढ्यात पुस्तक उघडता येतं.

मुलुंडच्या आसपास एका पानावर अडकलो. 'बार्चेस्टर टॉवर्स' ही त्याची १८५७ सालची कादंबरी त्यानं बरीचशी रेल्वेच्या डब्यात बसून लिहिली आहे. हा पोस्टखात्याचा माणूस. खेड्यापाड्यांत टपाल नीट पोचतं का ते बघायला सतत फिरतीवर. मांडीवर धरता येईल अशी लिहायची फळी त्यानं करून घेतली आणि डब्यात पेन्सिलनं लिहायला लागला. घरी आला की बायको, रोझ, ते शाईनं उतरवून काढायची.

मी एका कंपनीत अकाउंट्सला आहे. अकरा वर्षं एक कादंबरी डोक्यात घेऊन फिरतोय, तीन प्रकरणं झालीत. "नोकरीतून मोकळा झालो की लिहीन," हे वाक्य मी घरी, मित्रांत, स्वतःशी इतकी वर्षं बोलत आलो. ते पान वाचल्यापासून ते वाक्य तोंडातून निघत नाही.

ट्रोलपबद्दल अजून थोडं सांगतो, कारण आपल्याकडे त्याचं नाव फारसं घेतलं जात नाही. १८३४ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, लंडनच्या मुख्य पोस्टात कारकून म्हणून लागला. पहिली सात वर्षं वाईट गेली. कर्ज, उशिरा येणं, साहेबाची बोलणी. १८४१ ला आयर्लंडला बदली घेतली आणि तिथे माणूस उभा राहिला. पहिली कादंबरी १८४७ ला आली, खपली नाही. तरी थांबला नाही. पहाटे साडेपाचला टेबलाशी. उठवायला येणाऱ्या म्हाताऱ्या नोकराला त्यासाठी वर्षाला पाच पौंड जास्त द्यायचा. पहिला अर्धा तास कालचं लिखाण वाचायचं, मग घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द. मग पोशाख करून कचेरी. अशा ४७ कादंबऱ्या झाल्या.

मला एवढंच म्हणायचंय की नोकरी ही लिखाणाच्या आड येणारी भिंत आहे असं मी धरून चाललो होतो, आणि या माणसाच्या बाबतीत तरी ती भिंत नव्हती. त्याच्या पुस्तकांतले पाद्री, त्यांच्या बायका, जमिनीची भांडणं, यातलं बरंचसं त्याला टपालाच्या वाटा तपासताना घोड्यावरून गावं पालथी घालत सुचलं असावं, असं मला वाटतं.

तुमच्या वाचनात असे कोण आहेत? आपल्याकडचे आणि बाहेरचे, दोन्ही सांगा.


शाईचा_डाग
सोमवार, रात्री ११.२५

छान धागा. काफ्का आलाच पाहिजे. प्राग शहरात कामगारांच्या अपघात विम्याच्या संस्थेत १९०८ ते १९२२, चौदा वर्षं नोकरी. आठ ते दोन ऑफिस. दुपारी झोप, संध्याकाळी फिरणं, घरच्यांबरोबर जेवण, आणि रात्री अकराच्या सुमारास लिहायला बसायचा. 'निवाडा' ही कथा १९१२ च्या २२ सप्टेंबरच्या रात्री दहाला सुरू केली आणि सकाळी सहाला संपवली. एका बैठकीत. पाय टेबलाखाली इतके आखडले होते की बाहेर काढता येईनात, असं त्यानं डायरीत लिहून ठेवलंय.

पण तुमच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत नाही. काफ्काला नोकरी जाचत होती. 'रूपांतर' लिहीत असताना ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी जावं लागलं आणि गोष्टीचा शेवट त्यामुळे बिघडला, ही खंत त्याला पुढे होती.

आता ती गोष्ट आठवा. ग्रेगोर साम्सा सकाळी उठतो तर किडा झालेला. आणि त्याला चिंता कसली? पाचची गाडी चुकली, पुढची सातला आहे, ऑफिसात काय सांगू! गाडी चुकल्याची ती धडधड ज्यानं कल्याणच्या फलाटावर अनुभवली आहे, त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.


बदलापूर_फास्ट
सोमवार, रात्री ११.४०

शाईचा_डाग, साम्साची गाडी मी विसरलोच होतो. उद्या पुन्हा वाचतो. आणि नोकरी जाचत होती हे मान्य, पण तो जाचच तर गोष्टीत उतरला ना?


यंत्रघर
मंगळवार, सकाळी ६.५०

काफ्काच्या नोकरीबद्दल थोडं, कारण माझं आयुष्य त्याच कामात गेलं. तीस वर्षं कारखान्यांत सुरक्षा अधिकारी होतो, आधी लोअर परळ, मग ठाणे-बेलापूर पट्टा.

लाकूड रंधण्याच्या यंत्राचा जो फिरता दांडा असतो, तो तेव्हा चौकोनी असायचा. पाती आणि टेबल यांच्यात मोठी फट राहायची. लाकूड जरा उसळलं की कामगाराची बोटं त्या फटीत. काफ्कानं १९१० च्या सुमारास संस्थेच्या अहवालात यावर लिहिलं, की चौकोनाऐवजी गोल दांडा वापरा, फट अरुंद होते आणि बोट गेलं तरी कापलं जाऊन तुटत नाही, खरचटतं. सोबत आकृत्या आहेत. तुटलेल्या बोटांच्या हातांच्याही आहेत. शिवाय गोल दांडा मालकाला स्वस्तही पडतो, हेही त्यानं दाखवून दिलंय. हे शेवटचं फार महत्त्वाचं. नुसत्या माणुसकीच्या मुद्द्यावर मालक खर्च करत नाही, हे त्या कामातल्या प्रत्येकाला माहीत असतं.

मी हा मजकूर निवृत्तीनंतर वाचला. आधी वाचला असता तर बरं झालं असतं. मग त्याची 'दंडवसाहतीत' ही कथा वाचली, त्यात माणसाच्या अंगावर त्याची शिक्षा कोरणारं यंत्र आहे. त्या यंत्राच्या भागांचं वर्णन ज्या थंडपणे केलंय, तो थंडपणा अपघाताच्या अहवालाचा आहे. "दातेरी चाक, पट्टा, भाग क्रमांक अमुक." मी असे शेकडो अहवाल लिहिलेत. रात्री ती कथा वाचून मला झोप आली नाही.


माहीम_खाडी
मंगळवार, सकाळी ९.१५

यंत्रघर काका, या प्रतिसादासाठी धागा वर ठेवा कोणीतरी. वाचनखूण साठवली.


दवाखाना_७_ते_९
मंगळवार, दुपारी ३.०५

डॉक्टर लोकांच्या वतीने रशियन लेखक चेखव. माझा चेंबूरला छोटा दवाखाना आहे, दुपारी पेशंट कमी असतात तेव्हा वाचते.

१८७६ मध्ये वडिलांचं दुकान बुडालं, ते देणेकऱ्यांना चुकवून मॉस्कोला गेले. अंतोन सोळा वर्षांचा, तगानरोगला मागे एकटा राहिला, शिकवण्या करून शाळा पुरी केली. मग मॉस्कोत वैद्यकीचं शिक्षण आणि घर चालवायला विनोदी साप्ताहिकांत 'अंतोशा चेखोंते' या नावानं गोष्टी. १८८४ ला डॉक्टर झाला. १८८६ मध्ये ग्रिगोरोविच या ज्येष्ठ लेखकानं पत्र पाठवून सांगितलं, तुझ्याकडे अस्सल गुण आहे, घाईनं लिहू नकोस. चेखवनं उत्तरात कबूल केलं, की एका दिवसापेक्षा जास्त वेळ दिलेली माझी एकही गोष्ट मला आठवत नाही.

"वैद्यकी ही माझी लग्नाची बायको आणि साहित्य ही प्रेयसी" हे त्याचं वाक्य सगळे उद्धृत करतात. मला त्याहून मोठी वाटते ती रशियाच्या पूर्व टोकाच्या साखालीन बेटाची १८९० ची वारी. रेल्वे नव्हती, घोडागाडी आणि होडीतून सैबेरिया ओलांडला. छातीत क्षय होता, हे डॉक्टर असून तो स्वतःशीही कबूल करत नव्हता. बेटावर सक्तमजुरीच्या आणि हद्दपार कैद्यांची घरोघर जाऊन गणती केली, जवळजवळ दहा हजार कार्डं भरली. मग मॉस्कोजवळ मेलिखोवोला, १८९२-९३ च्या कॉलऱ्याच्या साथीत, पंचवीस गावं एकट्यानं बिनपगारी सांभाळली. 'वॉर्ड नंबर सहा' त्याच १८९२ सालची.

केसपेपर लिहिताना आम्हाला शिकवतात, आधी जे दिसतं ते लिही, निदान शेवटी. चेखवच्या गोष्टी अशा आहेत. निदान तर तो बहुतेक वेळा लिहितच नाही, वाचणाऱ्याच्या हातात कागद ठेवून उठतो. ही सवय दवाखान्यातून आली असं मला मनापासून वाटतं. कोविडच्या दिवसांत मी रात्री घरी येऊन काही लिहू शकले नाही. कॉलऱ्याच्या गावांतून परतून तो लिहीत होता, त्यामुळे मला त्याच्याबद्दल जे वाटतं ते नुसतं वाचकाचं प्रेम नाही.


चिरागनगर_गल्ली
मंगळवार, रात्री ९.३०

सगळं वाचलं. आता मला जे बोलायचंय ते बोलतो, राग मानू नका.

ट्रोलपला उठवायला नोकर होता. प्रत काढायला बायको होती. महिन्याला पगार होता. काफ्काला दोन वाजता सुट्टी. "नोकरी सांभाळून लिहिलं" म्हणताना कोणाची नोकरी, हे विचारणार की नाही?

मी घाटकोपरचा. आमच्या चिरागनगरात अण्णाभाऊ साठे राहिले. १ ऑगस्ट १९२० ला वाटेगावात जन्म, सांगली जिल्हा. शाळा दीड दिवसाची. बापाबरोबर वाटेगावहून मुंबईपर्यंत चालत आले, वाटेत मिळेल ते काम करत. मुंबईत कोळसा उचलला, गिरणीत राबले. माटुंग्याच्या लेबर कँपात अक्षरओळख पक्की झाली, लाल बावट्याच्या कलापथकात अमर शेख आणि गवाणकरांबरोबर डफावर थाप पडली. आणि त्या माणसानं तीसहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या. 'फकिरा' १९५९ ला आली, बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली, १९६१ ला राज्य सरकारचं बक्षीस मिळालं. रशियाला जाऊन आले, प्रवासवर्णन लिहिलं. आणि १८ जुलै १९६९ ला गेले तेव्हा पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. २००२ मध्ये टपालाच्या तिकिटावर फोटो आला. ट्रोलपच्या खात्याचंच तिकीट, बघा.

पहाटे साडेपाचला उठून घड्याळ लावून लिहायला आधी दार बंद होणारी खोली लागते. झोपडीत नळाची रांग पहाटेच लागते. तरी त्यांनी लिहिलं. म्हणून मला ट्रोलपच्या घड्याळाचं कौतुक एका मर्यादेपर्यंतच वाटतं.


बदलापूर_फास्ट
मंगळवार, रात्री १०.१०

चिरागनगर_गल्ली, राग कसला. तुमचं बरोबर आहे, आणि मी अण्णाभाऊंचं नाव मूळ लेखात घ्यायला हवं होतं. मी शाळेत 'फकिरा' वाचली, पण ती कुठे बसून लिहिली असेल हा प्रश्न मला कधी पडला नाही. ट्रोलपच्या बाबतीत मात्र लगेच पडला. याचा मी विचार करतोय.


चिरागनगर_गल्ली
मंगळवार, रात्री १०.३५

दादा, तुम्ही मानलंत, बास. बाबुराव बागूलही वाचा. नाशिकजवळचे, तेही लेबर कँपातच वाढले. 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चं. रेल्वेच्या नोकरीत परगावी खोली मिळवायची तर जात लपवावी लागते, त्यातून ती गोष्ट उभी राहते. नोकरीनं लेखकाला काय दिलं, याचं ते वेगळंच उत्तर आहे.


गिरगाव_तिसरा_मजला
बुधवार, सकाळी ११.२०

इतका वेळ नुसती वाचत होते. रोझ ट्रोलपवर कोणी थांबलंच नाही, म्हणून लिहितेय.

ट्रोलपच्या आधी त्याची आई. फ्रान्सिस ट्रोलप. नवऱ्याची शेती बुडाली, अमेरिकेत जाऊन काढलेलं दुकान बुडालं, आणि वयाच्या ५३ व्या वर्षी, १८३२ मध्ये, तिचं पहिलं पुस्तक आलं. अमेरिकन लोकांच्या रीतीभातींवर. त्यानंतर पुस्तकांवर तिनं घर चालवलं. १८३४ मध्ये देणेकऱ्यांपासून पळून ही मंडळी बेल्जियममध्ये ब्रूझला गेली. मुलगा क्षयानं अंथरुणावर, नवरा आजारी. दिवसा दोघांची शुश्रूषा, रात्री कादंबरी. औषधाच्या बाटल्या आणि शाईची दौत तिच्या खोलीत शेजारी शेजारी असायच्या, हे अँथनीनंच त्या आत्मचरित्रात लिहिलंय, तुम्ही वाचलं असेलच. पहाटे चारला उठायची ती. साडेपाचची शिस्त मुलाकडे कुठून आली ते उघड आहे.

दुसरी आना स्नितकिना. १८६५ मध्ये रशियन कादंबरीकार दस्तयेवस्कीनं कर्जापायी स्तेल्लोव्स्की नावाच्या प्रकाशकाशी भयंकर करार केला. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षं त्याचं सगळं लिखाण हा प्रकाशक फुकट छापणार. 'गुन्हा आणि शिक्षा' मासिकातून चालू, आणि ऑक्टोबर उजाडला तरी करारातल्या कादंबरीचं एक पान नाही. तेव्हा वीस वर्षांची आना लघुलेखनिक म्हणून आली. ४ ऑक्टोबरला सुरुवात. दुपारी तो सांगायचा, ही टिपून घ्यायची, रात्री घरी जाऊन साफ प्रत काढायची. सव्वीस दिवसांत 'जुगारी' पुरी झाली. हस्तलिखित द्यायला गेले तर प्रकाशक मुद्दाम गावाबाहेर गेलेला. शेवटी पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतली.

पुढच्या फेब्रुवारीत त्यांचं लग्न झालं, एवढंच सगळे सांगतात. मला पुढचं महत्त्वाचं वाटतं. १८७३ पासून आनानं त्याची पुस्तकं स्वतः छापायला घेतली. कागदाचे भाव, छपाईची बिलं, पुस्तकविक्रेत्यांची सूट, सगळं शिकली आणि राहत्या घरातून प्रती विकल्या. त्या माणसाचं कर्ज तिनं फेडलं.

आणि आपल्याकडे मालतीबाई बेडेकर, म्हणजे विभावरी शिरूरकर. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ ला टोपणनावानं आलं आणि ही बाई कोण यावर केवढं वादळ उठलं. त्या सोलापूरला तथाकथित गुन्हेगार जमातींच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत नोकरीला होत्या. 'बळी' ही १९५० ची कादंबरी तिथूनच आली. तुमच्या मूळ प्रश्नाला याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही.

मी स्वतः गोष्टी लिहिते, आठ-दहा दिवाळी अंकांत आल्यात. चाळीतली दीड खोली, सगळे झोपले की ओट्यावर वही. जेन ऑस्टिन दाराची करकर दुरुस्त करू देत नसे, म्हणजे कोणी आलं की आधी कळेल आणि कागद झाकता येतील, असं तिच्या भाच्यानं लिहिलंय. माझं दार करकरतं तेव्हा मला तिची आठवण येते.


दवाखाना_७_ते_९
बुधवार, दुपारी २.४०

गिरगावताई, दिवाळी अंकांची नावं व्यक्तिगत निरोपात कळवाल का? मला वाचायचंय.


वडाळा_डेपो_निवृत्त
बुधवार, सायंकाळी ६.००

नमस्कार. मुलीनं हा धागा दाखवला. मी बेस्टमध्ये छत्तीस वर्षं होतो. श्री. ना. पेंडसे आमच्या बेस्टचे, हे इथे कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

जन्म १९१३, दापोलीजवळ मुर्डी. लहानपणी मुंबईत आले आणि पुढे बेस्टच्या नोकरीत. तो ट्रामचा जमाना, ट्राम १९६४ च्या मार्चअखेर बंद झाली. नोकरीत असतानाच 'एल्गार' १९४९, 'हद्दपार' १९५०, 'गारंबीचा बापू' १९५२, 'रथचक्र' १९६२. 'रथचक्र'ला १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कार. दिवसभर मुंबईत कचेरी, आणि कागदावर हर्णे-दापोलीचा समुद्र, पोफळी, खोताचं घर. मला याचं फार आश्चर्य वाटायचं. आमच्यातले निम्मे लोक कोकणचे. डबा उघडला की गावच्या गोष्टी. त्या गोष्टी पेंडशांच्याही कानावर रोज पडत असणार. गाव सुटलेल्या माणसाला गाव जास्त स्पष्ट दिसतं, हे माझ्या अनुभवाचं आहे.

आणखी एक. १९७२ मध्ये त्यांनी 'बेस्ट उपक्रमाची कथा' लिहिली. घोड्यांच्या ट्रामपासून सगळा इतिहास. कादंबरीकारानं आपल्या कचेरीचा इतिहास लिहावा, हे मला मोठं वाटतं. माझ्याकडे होती, कोणीतरी वाचायला नेली ती आली नाही. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारून बघा.


शाईचा_डाग
बुधवार, रात्री १०.५०

सगळ्यांचंच चांगलं झालं असं वाटू नये म्हणून मेलव्हिल सांगतो. 'मोबी डिक' १८५१ ची, लोकांनी पाठ फिरवली. १८६६ ते १८८५, एकोणीस वर्षं न्यूयॉर्कच्या गोदीत जकात निरीक्षक, रोज चार डॉलर. १८९१ ला गेला तेव्हा वाचक त्याला विसरले होते. 'बिली बड' त्यानं नोकरी सोडल्यावर लिहिली, ती कागदांत सापडली आणि १९२४ ला छापली गेली. बदलापूर_फास्ट, याला नोकरीनं काय दिलं? चार डॉलर दिले. आणि संध्याकाळ दिली, ज्यात 'क्लॅरेल' हे दीर्घकाव्य लिहिता आलं. कोणी वाचणार नाही हे माहीत असताना.


बदलापूर_फास्ट
शुक्रवार, रात्री ११.१५

दोन दिवस उत्तर दिलं नाही, वाचत होतो. साम्सा पुन्हा वाचला. 'बळी' मागवली. यंत्रघर काका, 'दंडवसाहतीत' अर्धी झाली आहे, रात्री वाचायचं धाडस होत नाही, सकाळी वाचतोय.

गिरगावताई, आईचा भाग मी वाचला होता, पण ट्रोलपच्या बालपणाची माहिती म्हणून ओलांडून गेलो होतो. परत जाऊन वाचला. आणि हो, त्याच पुस्तकात आपल्या मुंबईचा एक धागा सापडला. १८५८ मध्ये पोस्टानं ट्रोलपला इजिप्तला पाठवलं, कारण सुएझचा कालवा अजून झाला नव्हता आणि हिंदुस्थानची डाक आलेक्झांड्रियाहून सुएझपर्यंत रेल्वेनं नेण्याचा करार करायचा होता. तिकडचे अधिकारी ४८ तास मागत होते, ट्रोलप २४ वर अडून बसला आणि मिळवले. म्हणजे आपल्या जीपीओत विलायतेची डाक एक दिवस लवकर पोचावी म्हणून हा माणूस भांडलाय. आणि जाताना बोटीत, उलट्या होत असताना मधूनमधून केबिनमध्ये पळत, 'डॉक्टर थॉर्न' लिहीत होता. ती संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी पुढची सुरू केली.

चिरागनगर_गल्ली, रविवारी मी घाटकोपरला येतोय, भाचीकडे. तुम्हाला वेळ असेल तर गल्ली दाखवा.

आज सकाळी ६.४० च्या गाडीत पुठ्ठ्याला क्लिप लावून पेन्सिलनं लिहिलं. ठाणे ते दादर, एकशे दहा शब्द. चौथ्या प्रकरणाची सुरुवात आहे. शेजारच्या काकांनी कुर्ल्याला विचारलं, "हिशेब का?" मी म्हटलं, नाही, गोष्ट आहे. ते थोडे सरकून बसले, माझ्या कोपराला जागा झाली.


चिरागनगर_गल्ली
शुक्रवार, रात्री ११.३०

रविवारी अकराला या. स्टेशनला पश्चिमेला उतरा, मी न्यायला येतो.